आवक पाहून दारं उघडा
टोलनाक्यावरच्या लेनचं नियोजन : जबलपूरच्या रस्त्यानं दिलेले धडे

पावसाळ्यात जबलपूरच्या माणसांचं निम्मं लक्ष बरगी धरणाच्या आकड्यांकडे असतं. नर्मदेवरच्या या धरणाला २१ दरवाजे आहेत. त्यातले किती उघडायचे आणि किती उचलायचे, हे वर मंडला-डिंडोरीकडून येणाऱ्या पाण्याच्या आवकेवरून ठरतं. पाणी काठोकाठ येईपर्यंत कुणी हात बांधून बसत नाही. आणि दरवाजे उचलण्याआधी खाली ग्वारीघाटाला, तिलवाराघाटाला इशारा जातो, कारण इथून सोडलेलं पाणी पुढे कुणाच्या तरी उंबऱ्याशी पोचणार असतं.

याच बरगीच्या भागात, लखनादौनहून जबलपूरला येणाऱ्या महामार्गावर बहोरीपारचा टोलनाका आहे. नागपूरहून गाडीनं जबलपूरला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या ओळखीचा हा नाका. नाक्याचं काम धरणासारखंच असतं. आवक सतत बदलते, दारांची संख्या ठरलेली असते, आणि सोडलेला प्रवाह पुढच्या रस्त्याला झेपायला हवा. फरक इतकाच की धरणावर आवक पाहून दारं उघडतात, आणि बहुतेक नाक्यांवर रांग पाहून. रांग दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. हा उशीर कसा टाळायचा, ते या लेखात पाहू. नाक्यावरच्या शिफ्ट इन्चार्जला, जत्रा-यात्रांचा बंदोबस्त आखणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि आपल्यासारख्या प्रवाशांना, तिघांनाही उपयोगी पडेल असं यात काही आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काय झालं

प्रयागराजचा महाकुंभ १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ या काळात भरला. महाराष्ट्रातून आणि दक्षिणेतून रस्त्यानं निघालेल्या भाविकांचा मोठा लोंढा एकाच वाटेनं गेला : नागपूर, सिवनी, लखनादौन, जबलपूर, सिहोरा, कटनी, मैहर, रीवा आणि चाकघाट. लखनादौनपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४, तिथून जबलपूरपर्यंत ३४ आणि पुढे ३०. वसंतपंचमीचं स्नान आटोपलं होतं, माघी पौर्णिमा १२ फेब्रुवारीला होती. मधल्या शनिवार-रविवारी, म्हणजे ८ आणि ९ फेब्रुवारीला, हा सगळा रस्ता गाड्यांनी गच्च भरला. दोन-तीनशे किलोमीटरच्या कोंडीच्या बातम्या देशभर झळकल्या. पोलिसांनी जबलपूर, कटनी, मैहर, रीवा या पट्ट्यात ठिकठिकाणी गाड्या अडवल्या, मागे फिरा, आज इथेच मुक्काम करा, असं लोकांना सांगितलं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं गाडीत तासन्‌तास अडकली.

या घटनेतून दोन धडे घ्यायला हवेत. पहिला धडा असा की गर्दी कधी येणार हे माहीत होतं. स्नानाच्या तारखा पंचांगात कितीतरी आधी लिहिलेल्या असतात आणि शनिवार-रविवार कॅलेंडरात. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. कोंडी प्रत्येक वेळी नाक्यामुळे होत नाही. पुढचं शहर, पुढचा पूल, पुढचं वाहनतळ भरलेलं असेल तर नाक्यावर सगळ्या लेन उघडून काहीच साधत नाही. गाड्या दहा किलोमीटर पुढे जाऊन रानात थांबतात. म्हणून लेनचा विचार करताना दोन प्रश्न सोबत ठेवायचे. वरून किती येतंय? आणि खाली किती मावतंय?

थोडं गणित, पण कामाचं

एका गाडीला खिडकीशी १० सेकंद लागत असतील, तर एका लेनमधून तासाला ३६० गाड्या निघतात. १५ सेकंद लागले तर २४०. ३० सेकंद लागले तर अवघ्या १२०. म्हणजे पंधराचे दहा सेकंद झाले तरी दर दोन लेनमागे बांधकामाशिवाय एक नवी लेन बांधल्यासारखं होतं.

आता हे पाहा. समजा, एका लेनमध्ये शंभरातल्या ९५ गाड्या ८ सेकंदांत जातात. उरलेल्या पाच अडतात : कुणाचा फास्टॅग वाचला जात नाही, कुणाची शिल्लक संपलेली, कुणाची सुट्ट्या पैशांवरून हुज्जत. त्यांना प्रत्येकी एक मिनिट लागतं. सरासरी निघते १०.६ सेकंद. सगळ्या गाड्या सुरळीत गेल्या असत्या तर तासाला ४५० निघाल्या असत्या. आता निघतात सुमारे ३४०. शंभरात फक्त पाच गाड्या अडल्या आणि लेनची जवळजवळ पाव क्षमता गेली. त्यामुळे नाक्यावरची सगळ्यात मोठी सुधारणा बऱ्याचदा या पाच गाड्यांमध्ये दडलेली असते.

दुसरी गोष्ट, लेन भरत जाते तशी रांग सरळ चालीनं वाढत नाही, उसळी मारते. रांगांचं शास्त्र डेन्मार्कच्या अॅग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडायला सुरुवात केली. त्या शास्त्रातल्या अगदी साध्या सूत्रानुसार लेन ८० टक्के भरलेली असेल तर सरासरी ताटकळणं सेवेच्या वेळेच्या चौपट असतं. ९० टक्क्यांवर ते नऊपट होतं, ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. दहा सेकंदांच्या सेवेला आधी ४० सेकंद, मग ९०, मग १९० सेकंद. ९० वरून ९५ वर जाताना गाड्या थोड्याच वाढल्या, थांबणं दुपटीहून अधिक झालं. म्हणून लेन पूर्ण भरेपर्यंत वापरायची नाही. ८० टक्क्यांची मर्यादा धरून नियोजन करायचं.

उशिराची किंमत

समजा, एका दिशेला तीन लेन चालू आहेत, प्रत्येकीची खरी क्षमता ताशी ३०० गाड्या. एकूण विसर्ग ९००. संध्याकाळी आवक ताशी ११०० झाली. दर तासाला २०० गाड्या साचणार. शिफ्ट इन्चार्जनं अर्धा तास वाट पाहिली, तोवर १०० गाड्या थांबल्या. मग चौथी लेन उघडली, विसर्ग १२०० झाला. आता रांग ओसरते आहे, पण ताशी १०० गाड्यांच्या वेगानं. ती संपायला पुरा एक तास लागतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या उशिराची फेड तासभर करावी लागली. त्या तासात आलेला प्रत्येक माणूस रांगेत उभा राहिला, जरी लेन पुरेशा होत्या तरी.

हीच लेन दहा मिनिटांत उघडली असती तर तेहतीस-चौतीस गाड्या साचल्या असत्या आणि वीस मिनिटांत रस्ता मोकळा झाला असता. आवक वाढण्याआधीच उघडली असती, तर ही साठलेली रांग लागलीच नसती.

आवक मोजा, विसर्ग नव्हे

नाक्यांवर मोजणीची एक चूक सर्रास होते. फास्टॅगमुळे प्रत्येक गाडीची वेळ संगणकात नोंदली जाते, म्हणून आपल्याकडे आकडे आहेत असं वाटतं. ते आकडे खिडकीतून बाहेर पडलेल्या गाड्यांचे असतात. रांग नसेल तर आलेल्या आणि गेलेल्या गाड्या जवळपास सारख्याच. पण रांग लागली की संगणक तुमच्या लेनची क्षमता दाखवतो, मागणी नव्हे. गेल्या रविवारी संध्याकाळी ९०० गाड्या गेल्या म्हणून येत्या रविवारी ९०० धरल्या, तर मागच्या वेळी रस्त्यावर ताटकळलेल्या शे-दोनशे गाड्या हिशेबात येतच नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. नाक्याच्या साधारण एक किलोमीटर आधी, जिथे रांग सहसा पोचत नाही, तिथे कॅमेऱ्यानं किंवा माणसानं गाड्या मोजा. तेही जमत नसेल तर दर पंधरा मिनिटांनी रांगेचं शेपूट कुठवर आहे ते लिहा. रस्त्याच्या कडेला दर ५० मीटरवर रंगाची खूण असली की शेपटाची जागा दुरूनही सांगता येते. गेलेल्या गाड्यांमध्ये वाढलेल्या रांगेतल्या गाड्या मिळवल्या की खरी आवक कळते. नोंद तासाची नको, पंधरा मिनिटांची ठेवा. तासाच्या सरासरीत वीस मिनिटांचा लोंढा लपून जातो.

वरच्या नाक्याशी बोलत राहणं हाही मोजणीचाच भाग आहे. बहोरीपारवर आत्ता अचानक वाढलेल्या नागपूर-चंद्रपूरकडच्या गाड्या काही वेळानं सिहोऱ्याजवळच्या मोहतरा नाक्यावर पोचणार आहेत. त्यातल्या काही जबलपुरात वळतील, काही जेवायला थांबतील. चार आठवडे दोन्ही नाक्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या की किती गाड्या किती वेळानं खाली पोचतात, याचा अंदाज बसतो. मंडल्याचा पाऊस बरगीला आधी कळतो, तसाच हा लोंढा मोहतऱ्याला आधी कळायला हवा. त्यासाठी शिफ्ट इन्चार्जांचा एक फोन-गट आणि दर तासाला दोन ओळी इतकंच पुरतं.

नाक्याचं स्वतःचं पंचांग

प्रत्येक नाक्याची गर्दी वेगळी असते. वर्षाचं एक पंचांग नाक्यावर टांगलेलं हवं, आणि ते त्या भागाचं हवं.

जबलपूरचं पंचांग कसं असेल पाहा. हिवाळ्यात जबलपूरचा हिरवा वाटाणा बाजारात येतो, तेव्हा मालाच्या गाड्या रात्री आणि पहाटे वाढतात. कटनीचा चुना, मैहर-सतना-रीवा पट्ट्यातलं सिमेंट यांच्या जड गाड्या वर्षभर असतात. मकर संक्रांत आणि नर्मदा जयंतीला घाटांकडे जाणारी वाहतूक वाढते. दोन्ही नवरात्रांत मैहरच्या शारदामातेच्या दर्शनाला लोक निघतात. कान्हा राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात बंद असतं आणि १ ऑक्टोबरला उघडतं. त्यापाठोपाठ दिवाळीच्या सुट्ट्या येतात आणि भेडाघाट, कान्हा करायला निघालेल्या नागपूर-विदर्भाच्या गाड्या दिसू लागतात. लग्नसराईत रात्री अकरानंतर बसगाड्यांचे ताफे येतात, ज्यांचा कुठल्याच सरासरीत हिशेब नसतो.

या प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहायच्या : कुठली दिशा, कुठले तास, कुठल्या प्रकारच्या गाड्या. आणि दिवस उलटला की त्याच ओळीत प्रत्यक्ष आवक. दोन वर्षांत हे पंचांग कुठल्याही तज्ज्ञाच्या अंदाजाहून बरं होतं. परतीचा लोंढाही त्यात हवा. जाणारे लोक दोन दिवसांत विखरून जातात. येणारे मात्र रविवारी संध्याकाळी एकदमच परततात.

लेन कधी उघडायची, कधी मिटायची

हा निर्णय कुणाच्या मनःस्थितीवर सोडू नये. नियम लिहून खिडकीत चिकटवावा.

उघडण्याचा नियम : येत्या पंधरा मिनिटांत अपेक्षित असलेल्या गाड्यांना ६० ने भागा आणि उत्तर वरच्या पूर्णांकाला न्या, तितक्या लेन हव्यात. हे ६० कुठून आले? ताशी ३०० म्हणजे पंधरा मिनिटांत ७५, त्याचे ८० टक्के ६०. तुमच्या लेनची क्षमता वेगळी असेल तर आकडा बदलेल. घड्याळ लावून मोजा आणि स्वतःचा आकडा काढा. वरच्या उदाहरणातली ताशी ११०० ची आवक म्हणजे पंधरा मिनिटांत २७५. भागाकार साडेचारच्या वर जातो, म्हणजे पाच लेन. चार लेनवर रांग इतकी रेंगाळत का ओसरली, ते यावरून कळतं.

मिटण्याचा नियम वेगळा असावा. गाड्या कमी झाल्या की लगेच लेन मिटली आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडली, तर कर्मचारी दमतात आणि वाहनचालक गोंधळतात. उरलेल्या लेन ६५ टक्क्यांहून कमी भरतील अशी स्थिती पंधरा मिनिटांच्या सलग दोन नोंदींत, म्हणजे अर्धा तास टिकली तरच एक लेन मिटा. एकदम दोन मिटू नका.

लेन उघडायला लागणारा वेळही धरा. माणूस जागेवर येणं, यंत्रणा सुरू होणं, शंकू हटवणं, वरचा लाल फुलीचा दिवा हिरव्या बाणात बदलणं आणि मागच्या चालकांना ते दिसणं यात पाच-सात मिनिटं सहज जातात. म्हणून गर्दीच्या तासांत एक राखीव माणूस नाक्यावरच हवा, विश्रांतीच्या खोलीत का असेना. बंद लेनची यंत्रणा दिवसातून एकदा सुरू करून तपासलेली हवी. गरजेच्या वेळी लेन अडवणारा दांडा, म्हणजे बूम, वरच जात नाही असं कळण्यासारखी दुसरी पंचाईत नाही.

कुठली गाडी कुठल्या लेनला

भरलेला ट्रक बूम वर गेल्यावर हळूहळू वेग घेतो. मोटार चटकन सुटते. दोघांना एका लेनमध्ये घातलं की मोटारींची लेन ट्रकच्या चालीनं चालते. म्हणून जड गाड्या डावीकडे, मोटारी उजवीकडे ही वाटणी गर्दीच्या वेळी काटेकोर पाळावी. अवाढव्य माल नेणाऱ्या गाड्यांची रुंद लेन कडेला असते, ती मोकळी राहील याची काळजी घ्यावी. रुग्णवाहिकेची वाट गर्दीतही अडू देऊ नये.

वाटणी खिडकीशी करून उपयोग नाही. शेवटच्या शंभर मीटरवर ट्रक डावीकडून उजवीकडे घुसला की मागच्या चार लेन अडतात आणि अपघाताचा धोका वाढतो. पाचशे मीटर आधी मोठा फलक, मग अडीचशे मीटरवर दुसरा, आणि गर्दीच्या वेळी परावर्तक जाकीट घातलेला माणूस सुरक्षित जागी उभा राहून हातानं दिशा दाखवणारा. फलक हिंदीत असतोच. ज्या रस्त्यावर मराठी आणि तेलुगू भाविक हजारोंनी येतात तिथे यात्रेच्या दिवसांत ठळक चित्रंही हवीत. ट्रकचं चित्र आणि बाण सगळ्यांना कळतो.

अडलेली गाडी लेनमधून बाहेर

१६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवरच्या सगळ्या लेन फास्टॅगच्या आहेत. टॅग नसेल किंवा चालत नसेल तर रोखीनं दुप्पट पथकर आणि युपीआयनं सव्वापट, हा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यामुळे युपीआयकडे वळणं फायद्याचं झालं, आणि त्यात सुट्ट्या पैशांचा वेळ वाचतो. तरी नेटवर्क मंद असेल तर युपीआयलाही मिनिट लागतं.

अशा गाड्यांसाठी तीन पायऱ्या ठेवाव्यात. पहिली पायरी, रांग वीस गाड्यांच्या पुढे गेली की हाती धरायचं वाचकयंत्र घेऊन एक माणूस खिडकीच्या आधी उभा करावा. कुणाचा टॅग वाचला जात नाही ते खिडकीशी पोचण्याआधीच कळतं. दुसरी, अशा गाडीला ठरलेल्या एकाच लेनकडे वळवावं. तिसरी, वाद सुरू झाला तर गाडी बूमच्या पुढे, कडेच्या मोकळ्या जागेत घ्यावी आणि बोलणं तिथे करावं. लेनमध्ये वाद घालायचा नाही, हा नियम कर्मचाऱ्यांसाठी आणि प्रवाशांसाठी सारखाच असावा.

टॅग चांगला आहे, शिल्लक पुरेशी आहे, आणि नाक्याचं यंत्रच वाचत नाही, असंही होतं. केंद्र सरकारच्या मे २०१८ च्या अधिसूचनेनुसार अशा वेळी गाडीला पैसे न घेता सोडायचं आणि शून्य रकमेची पावती द्यायची असते. हा नियम नाक्यावरच्या प्रत्येकाला पाठ असेल तर लेनमधली निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत.

दोन्ही दिशांना चालणाऱ्या लेन

सकाळी शहराकडे गर्दी, संध्याकाळी उलट. सणाला जाणारे एका दिवशी, परतणारे दुसऱ्या. अशा ठिकाणी मधल्या एक-दोन लेन दिशा बदलून वापरता आल्या तर जागा न वाढवता क्षमता वाढते. मात्र हे जोखमीचं काम आहे आणि त्याचा क्रम कधीही मोडू नये.

आधी जुन्या दिशेचा दिवा लाल करा आणि शंकूंनी तोंड बंद करा. आत असलेली शेवटची गाडी बाहेर पडू द्या. लेनच्या दोन्ही टोकांच्या माणसांनी वायरलेसवर 'लेन रिकामी' असं एकमेकांना सांगावं. मग यंत्रणा उलट दिशेला लावावी. ती सोय नसेल तर हातातल्या वाचकयंत्रानं काम करावं. बाहेर पडणारी गाडी पुन्हा आपल्या बाजूच्या रस्त्यावर सुरक्षित येईल अशी शंकूंची वाट आखावी. एवढं झाल्यावरच नव्या दिशेचा हिरवा बाण लावावा. रात्री, धुक्यात किंवा मुसळधार पावसात दिशा बदलू नये. जबलपूरच्या महाकोशल भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुकं दाटतं, तेव्हा हा मोह टाळलेलाच बरा. गर्दी होणार हे माहीत असेल तर दिशाबदल गर्दीच्या तासभर आधी, रस्ता मोकळा असताना उरकावा.

खिडकीतल्या माणसाची काळजी

१९५४ मध्ये न्यू यॉर्कच्या बंदर प्राधिकरणातले अभियंते लेस्ली एडी यांनी टोल खिडक्यांवरच्या खोळंब्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हडसन नदीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल आणि नदीखालचा लिंकन बोगदा इथल्या नाक्यांवर त्यांनी गाड्या, रांगा आणि थांबण्याचा वेळ मोजला. कुठल्या तासाला किती खिडक्या हव्यात आणि सुट्टी-विश्रांती धरून माणसांच्या पाळ्या कशा लावायच्या, याचा आराखडा त्यातून निघाला. कमी मनुष्यतासांत प्रवाशांचं थांबणं आटोक्यात ठेवता येतं हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना लँचेस्टर पारितोषिक मिळालं. त्या काळी फास्टॅग नव्हता, संगणकही हाताशी नव्हते. मोजणी मात्र होती.

एडींच्या कामातला विश्रांतीचा मुद्दा आपण विसरतो. जबलपूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. धूर, हॉर्न, उष्णता यांत सलग चार तास बसलेला माणूस मंदावतो आणि चिडतो. दर दोन तासांनी पंधरा मिनिटांची सुट्टी ही दया नाही, लेनची क्षमता टिकवण्याचा उपाय आहे. पाळी बदलण्याची वेळ गर्दीत येऊ देऊ नये. सगळ्या खिडक्यांवर एकदम बदल करू नये, एकेक लेन करत जावी. पंखा, पिण्याचं पाणी, महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छ आणि जवळ स्वच्छतागृह, रात्रीच्या पाळीनंतर घरी पोचवण्याची सोय, हे सगळं नियोजनाच्या कागदावर लेनच्या आकड्यांशेजारी यायला हवं.

पुढचा रस्ता तुंबला तर

आता फेब्रुवारी २०२५ चा दुसरा धडा. नाक्यातून गाड्या सुटतात, पण पुढच्या अर्ध्या किलोमीटरवर त्या उभ्याच दिसतात, तर समजावं की अडथळा खाली आहे. अशा वेळी आणखी लेन उघडल्या तर गाड्या सोयीच्या जागेवरून गैरसोयीच्या जागी जातात. नाक्यावर दिवे आहेत, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, क्रेन आणि गस्तीची गाडी आहे. पुढे रानात यातलं काही नाही.

अशा वेळी करायच्या गोष्टी : पोलीस नियंत्रण कक्षाला आणि पुढच्या नाक्याला लगेच कळवणं. पोलिसांच्या सांगण्यावरून गाड्या टप्प्याटप्प्यानं सोडणं. सोडायच्या गाड्यांचा वेग पुढचा रस्ता किती झेलतो त्यावर ठरवणं. आपत्कालीन गाड्यांसाठी एक लेन आणि रस्त्याची एक कड शेवटपर्यंत रिकामी ठेवणं. थांबलेल्यांना दर अर्ध्या तासानं खरी माहिती देणं, 'आत्ता सुटेल' असं खोटं सांगू नये. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे खबर वर पाठवणं. चाकघाटला कोंडी आहे हे मैहरला कळून फारसा फायदा नाही, तिथे माणूस अडकलेलाच असतो. तेच सिवनीला किंवा नागपूरला कळलं तर कुटुंब एक दिवस थांबू शकतं, रस्ता बदलू शकतं. मुक्कामाच्या सोयी असलेली शहरं, जशी जबलपूर आणि कटनी, ही थांबवण्याची योग्य ठिकाणं असतात.

रांगेच्या बाबतीत शासनानंही प्रयत्न केले आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं मे २०२१ मध्ये गर्दीतही गाडीमागे १० सेकंदांहून अधिक वेळ नको आणि रांग १०० मीटरपलीकडे नको, असं सांगितलं. रांग १०० मीटरच्या आत येईपर्यंत गाड्या फुकट सोडायच्या होत्या. ही सवलत २०२४ मध्ये मागे घेतली गेली. त्याच वर्षी सुमारे १०० नाक्यांवर रांगेची लांबी, थांबण्याचा वेळ यांवर संगणकातून थेट लक्ष ठेवण्याचं काम प्राधिकरणानं हाती घेतलं. सवलत गेली तरी ते १० सेकंद आणि १०० मीटर हे माप चांगलंच आहे. प्रत्येक नाक्यानं ते स्वतःसाठी पाळावं.

आपण प्रवासी काय करू शकतो

लेनची पाव क्षमता खाणाऱ्या पाच गाड्यांमध्ये आपली गाडी नसावी, इतकं प्रत्येकाच्या हातात आहे.

- टॅगची शिल्लक घरून निघताना पाहा. नाक्याच्या रांगेत रिचार्ज करण्याची वेळ आणू नका.
- टॅग काचेवर आतून नीट चिकटवलेला हवा. हातात धरून दाखवलेला टॅग यंत्र नीट वाचत नाही, आणि जुलै २०२५ पासून असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकले जात आहेत.
- खाजगी मोटारीनं वारंवार जात असाल तर १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास पाहा. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल तोवर चालतो.
- लेन पाचशे मीटर आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. शेजारची रांग नेहमी वेगानं सरकताना दिसते. तिकडे घुसल्यानं दोन्ही रांगा मंदावतात.
- टॅग वाचला गेला नाही तर गाडी मागे घेऊ नका. सांगतील त्या बाजूला लावा.
- चुकीची रक्कम कापली गेली तर लेनमध्ये थांबू नका. वेळ आणि नाक्याचं नाव टिपून घ्या, पुढे जाऊन टॅगच्या बँकेकडे किंवा १०३३ वर तक्रार करा. वाटेत अपघात, बिघाड झाला तरी हाच क्रमांक.
- यात्रेला निघताना स्नानाचा किंवा दर्शनाचा मुख्य दिवस आणि त्याला लागून आलेला शनिवार-रविवार टाळता आला तर पाहा. गाडीत पाणी, कोरडा खाऊ, औषधं ठेवा.

पुढची परीक्षा आपल्या दारात

हे सगळं जबलपूरपुरतं नाही. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. तेव्हा घोटी, पिंपळगाव बसवंत आणि सिन्नरकडचा शिंदे या नाक्यांवर तोच लोंढा उभा राहील. स्नानाचे दिवस भर पावसाळ्यात येतात, म्हणजे रस्त्यांची परीक्षा आणखी कठीण. आपल्या हाती अजून वेळ आहे. या नाक्यांनी आजपासून पंधरा मिनिटांच्या नोंदी ठेवल्या, आपलं पंचांग भिंतीवर लावलं, वरच्या आणि खालच्या नाक्याशी बोलायची सवय लावली, तर सिंहस्थात माणसं गाडीत रात्र काढणार नाहीत.

बरगीचा दरवाजा उचलणारा माणूस एकाच वेळी दोन्हीकडे पाहत असतो, वरच्या आवकेकडे आणि खालच्या घाटाकडे. टोलनाक्यावरच्या शिफ्ट इन्चार्जचं कामही तितकंच जबाबदारीचं आहे. त्याच्या एका वेळेवरच्या निर्णयानं शेकडो घरची माणसं तासभर आधी घरी पोचतात. त्याच्या हाती आकडे द्या, माणसं द्या, आणि लेन वेळेआधी उघडण्याचा अधिकार द्या.